अनंत कबड्डी वर्गाचं उद्घाटन

"ऐका हो ऐका, मरोळकरांनो! येत्या रविवारी सकाळी, शाळेमागच्या मैदानावर, अनंत कबड्डी वर्गाचं उद्घाटन! मुलांना प्रवेश, मुलींनाही प्रवेश, घाबरटांना खास सवलत!"

शेवटचं वाक्य हँडबिलात नव्हतं. ते मी घातलं. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधलेला, मागच्या सीटवर मी, पायाशी बॅटरी, हातात माईक, आणि रिक्षा चालवायला राजारामकाका. काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"गो पदू, जरा हळू. भोंगो फाटात."

"फाटू दे. आपला थोडाच आहे? मंडपवाल्याचा आहे."

हा आवाज येतो कुठून, याचं मलाच नवल वाटायचं. श्रावणापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायची. घरातलं सगळं बोलणं माझा मोठा भाऊ बोलायचा, अनंतदादा. स्वतःच्या वाटणीचं आणि माझ्याही. श्रावणात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. मग घरात कुणीच बोलेना, तेव्हा मी बोलायला लागले. इतकी, की दिवाळीच्या आधी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी चक्क पहिली आले. बाई म्हणाल्या, "पद्मजा, तू तर धबधबा आहेस गं!"

धबधबा खरा, पण आत कोरडा. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय कसा लाकडाचा होतो? चिमटा काढला तरी कळत नाही. मी सगळीच तशी झाले होते. बक्षीस घ्यायला स्टेजवर चढले तेव्हाही, आणि दादाला न्यायला लोक आले तेव्हाही. रडले नाही. आता ते बरं की वाईट, कोण जाणे. बोलायला मात्र झकास यायचं.

बाबांचं उलटं झालं. त्यांच्याकडे एकच शब्द उरला, असांदे. आमच्या मालवणीत असांदे म्हणजे असू दे. आमटी खारट झाली? असांदे. या वर्षी कंदील लावायचा नाही ना? असांदे. पूर्वी बाबा गिरणीत होते आणि गिरणीच्या कबड्डी टीममध्ये चढाईला जायचे. संपानंतर गिरणी सुटली, मग इथेच मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. पण संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन थेट मैदानात. चाळीतली सगळी पोरं त्यांच्यापाशी शिकली, कुणाकडून कधी छदाम घेतला नाही. दादा त्या सगळ्यांत भारी. दादा गेल्यापासून बाबा कामावर जायचे, यायचे आणि दारातल्या स्टुलावर बसून समोरच्या गटाराकडे बघायचे. मैदानावर पाऊल टाकलं नाही. फक्कीने आखलेल्या रेघा पावसाने धुऊन नेल्या, त्या तशाच गेल्या.

राजारामकाका बाबांच्याच टीममधले. संपानंतर ते रिक्षा चालवायला लागले. एकदा ते थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, ह्येका मैदानार उभो केलो नाय, तर ह्यो पण गेलो म्हणान समज."

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तो उभो रवलो तर रवळनाथाक नारळ ठेवीन. पण रवाचो नाय."

"रवात. फुकटचा काम माणूस सोडता. बोर्ड लागलो, लोकांनी पोरांची नावां घातली, पोरां येवन समोर उभी रवली, की मगे खंय जातलो?"

म्हणून हा वर्ग. नाव, बोर्ड, हँडबिलं, प्रमुख पाहुणे, सगळं रीतसर. खरं काम एकच, बाबांना उठवायचं. ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि मला वाटतं बाबांनाही माहीत होतं. काकांनी विचारलं, "वर्गाक अनंताचा नाव देवया?" बाबा गटाराकडे बघत म्हणाले, "असांदे."

आता उद्घाटनाला मांडायला फोटो हवा. दादाचा एकच फोटो होता, शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला, गळ्यापर्यंत बटण लावून बसलेला. तो आईने कपाटात साड्यांखाली ठेवला होता. त्याला फ्रेम करू देत नव्हती. फ्रेम केली की हार आला. मग काकांनी त्यांच्या ट्रंकेतून बाबांचाच जुना फोटो शोधला. चढाईतला. एक पाय हवेत, हात पुढे, आणि तोंडावर हसू, कारण समोरचा गडी नुकताच बाद झालाय. काकांनी अंधेरीच्या स्टुडिओतून तो खिडकीएवढा मोठा करून, काचेची फ्रेम करून आणला. घरी येऊन त्याच्यावरचा कागद काढला आणि आई म्हणाली, "अनंत."

मग ती स्टोव्ह बंद करायला आत गेली. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता.

दादा बाबांवर गेला होता, हे सगळेच म्हणायचे. पण बाबा असे हसायचे, हे मला माहीत नव्हतं.

आठवडाभर शाळा सुटली की मी रिक्षात. चर्चच्या रस्त्याने, मच्छी बाजारावरून, वर्कशॉपच्या गेटांवरून. आमच्या धंद्याचं नशीब असं, की आदल्याच वर्षी देशाने वर्ल्ड कप जिंकलेला.

"क्रिकेट शिकवता का?"

"नाही हो, कबड्डी."

"कबड्डी शिकायला क्लास? उद्या पतंग उडवायचा काढाल!"

"काढू की! तुम्ही मांजा घेऊन या!" मी माईकमधूनच ओरडायची, आणि आख्खी गल्ली हसायची. एक बाई गॅलरीतून म्हणाली, "पोरगी आहे का रेडिओ?" काकांनी तिला वाकून नमस्कार केला. पण नावं आली. पोरांची आली, आणि मुलींचीही, त्यात एक तर माझ्याच वर्गातली. रोज घरी येऊन मी बाबांना मोठ्याने सांगायची, आज कोण आलं, कोण काय म्हणालं, पतंगवाल्याला कसं गप्प केलं. बाबा ऐकायचे. निदान त्यांचं तोंड तरी माझ्याकडे असायचं.

रविवारी सकाळी आईने इस्त्रीचा पांढरा शर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी घातला. मी त्यांच्या गळ्यात त्यांची जुनी शिट्टी अडकवली. तिचा दोरा काळा पडला होता, तो मी रात्री धुऊन ठेवला होता. त्यांनी शिट्टीकडे बघितलं.

"असांदे," ते म्हणाले.

मैदानात काकांनी टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर. मारुतीची तसबीर, तिच्याशेजारी बाबांचा तो भला मोठा फोटो, पुढे नारळ आणि समई. मागे कापडी बॅनर, अनंत कबड्डी वर्ग, लाल अक्षरांत. मुलं रांगेत उभी, मागे आईबाप. बाबा टेबलाच्या कडेला, दुसऱ्याच्या लग्नात जेवायला थांबलेल्या माणसासारखे. माईक माझ्या हातात. प्रमुख पाहुणे भाऊराव. त्यांचा औद्योगिक वसाहतीत स्वतःचा कारखाना, आणि मुलांच्या बनियन त्यांनी दिलेल्या. ते बाबांना ओळखत नव्हते. सगळं काकांनी फोनवर ठरवलं होतं, आणि वर्ग कुणाच्या नावाने, तो मुलगा कसा गेला, हेही सांगितलं होतं.

भाऊरावांना त्या दिवशी आणखी कार्यक्रम होते. घाईने आले. मागोमाग त्यांच्या ड्रायव्हरने हारांची टोपली आणली. मी माझ्या स्पर्धेच्या आवाजात म्हटलं, "मी माननीय पाहुण्यांना विनंती करते, की त्यांनी प्रतिमापूजन करावं."

प्रतिमापूजन म्हणजे मारुतीचं. आमच्याकडे उद्घाटन असंच होतं. देवाला हार, नारळ, मग भाषण.

भाऊरावांनी मारुतीला हार घातला. टोपलीतून दुसरा उचलला, झेंडूचा, जाडजूड. आणि तो बाबांच्या फोटोला घातला. व्यवस्थित, दोन्ही बाजू सारख्या करून. उदबत्ती ओवाळली. काचेवर, कपाळाच्या जागी, कुंकवाचं बोट लावलं. डोळे मिटून हात जोडले.

आईच्या तोंडातून आवाज निघाला, अर्धाच. तिने पदर तोंडावर दाबला आणि दुसऱ्या हाताने गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं. काका, फोडायला घेतलेला नारळ हातात, एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले. मागे कुणीतरी पोरगं फिसकन हसलं, त्याला चापट बसली. तिसरा हार अजून राहिला होता, तो वर्गाच्या शिक्षकांसाठी होता.

भाऊरावांनी माझ्या हातातून माईक घेतला.

"बंधुभगिनींनो, ही झेप बघा. हे हसू बघा. असा हिरा आपल्यातून अकाली गेला. चिरंजीव अनंत. अशा मुलाच्या आईवडलांना आपण काय सांगणार? मी म्हणतो, भाषण नकोच. आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सगळे उभेच होते. माना खाली गेल्या.

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. हा फोटो बाबांचा आहे, बाबा हे इथे उभे आहेत. आठवडाभर मी आख्ख्या मरोळला उलटउत्तरं दिली होती, हे तर चार शब्दांचं काम. पण त्यापुढे कुणी विचारलं असतं, मग गेला तो कुठला? त्याचा फोटो कुठाय? आणि आमच्या घरात श्रावणापासून कुणीच, एकदाही, "अनंत गेला" असं म्हटलं नव्हतं. ते पहिल्यांदा म्हटलं ते या परक्या माणसाने, भोंग्यातून.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी हात जोडले होते. समोर काचेत ते स्वतः, तरुण, एक पाय हवेत, गळ्यात झेंडू. पण ते स्वतःकडे बघत असल्यासारखे दिसत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते कळलं नाही.

आई चालत आली. वाटलं, हार ओढून काढेल. ती बाबांच्या शेजारी उभी राहिली, मंगळसूत्र सोडलं, आणि तिनेही हात जोडले.

मला काहीच वाटत नव्हतं. उदबत्तीचा धूर बाबांच्या पांढऱ्या शर्टावरून जात होता, तेवढं दिसत होतं.

दोन मिनिटं कधीच संपली असावीत. अशा वेळी कुणीतरी "ॐ शांती" म्हणतं आणि सगळे हलतात. म्हणायचं भाऊरावांनी, पण ते डोळे मिटून उभे. त्यांना वाटलं असेल, घरचं कुणी म्हणेल. काकांना वाटलं, पाहुणे म्हणतील. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागली. एक छोटा मुलगा आईला विचारायला लागला, "संपलं का? संपलं का गं?" भोंगा नुसता खरखरत होता.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

इतकी जोरात, की भाऊराव दचकले आणि काकांच्या हातातला नारळ खाली पडला. पोरांच्या माना एकदम वर. बाबांच्या तोंडात शिट्टी, गाल फुगलेले. त्यांनी ती काढली, शर्टाला पुसली.

"चला," बाबा म्हणाले. "मैदानाक एक फेरी. चपला हयच काढा."

भराभर चपला निघाल्या. मग माझ्या वर्गातली ती मुलगी धावली, आणि तिच्यामागे सगळी रांग. भाऊराव काकांना विचारत होते, "हे कोण?" काकांनी त्यांच्या कानात सांगितलं. भाऊरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मी बघितला नाही. मी माईक टेबलावर ठेवला, चपला काढल्या आणि शेवटच्या मुलाच्या मागे धावायला लागले.

पहिल्या वळणावर वळून बघितलं, तर आई फोटोवरचा हार उतरवत होती. घाई नव्हती तिला. तो तिने फेकला नाही, मारुतीलाही घातला नाही. पदरात घेतला. घरी कपाटात साड्यांखाली काय आहे, ते मला माहीत होतं.

शाळेच्या भिंतीपाशी खडी पडली होती. एक खडा टाचेत घुसला. मी "आई गं!" म्हणून ओरडले आणि एका पायावर उभी राहिले. दुखत होतं. खूप दुखत होतं. रक्तबिक्त काही नव्हतं, पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना.

मैदानाच्या पलीकडून बाबांचा आवाज आला, माईकशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पदू! थांबू नको गो! नाकान श्वास घे!"

नाक तर वाहत होतं. मी फ्रॉकच्या बाहीला पुसलं आणि पुन्हा धावायला लागले.