भूकर्ण महाराजांची परात

लातुरात औसा रोडच्या मागे पत्र्याचा सभामंडप होता. त्यात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शहाबादी फरशीवर तांब्याची भलीमोठी परात, परातीत काठोकाठ पाणी आणि परातीशी कान नेऊन बसलेले भूकर्ण महाराज. चेल्यांनी झांजांचा नुसता कल्लोळ मांडलेला. महाराजांनी एकदम हात वर केला आणि पाण्यावर बारीक लाटा थरथरू लागल्या. परातीला कुणाचा हातही लागला नव्हता. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एका सुटाबुटातल्या पालकानं तिथंच लोटांगण घातलं.

"धरतीच्या पोटात कळ उठली की माझ्या कानात ठणका लागतो, बाळांनो!" महाराज गरजले. "शास्त्रज्ञांची यंत्रं विलायतेहून येतात. माझा कान इथलाच आहे!"

कान इथलाच होता आणि गिऱ्हाईकही इथलंच. भूकंपाला तप उलटून गेलं होतं, तरी रात्री ट्रक जोरात गेला की लोक अंगणात धावत. त्यात लातूर आता क्लासेसचं शहर झालेलं. गल्लोगल्ली वसतिगृहं उभी राहिलेली. आईबापांना दोन धास्त्या: पोराचे मार्क आणि पोराच्या डोक्यावरचं छप्पर. महाराजांनी दोन्हींवर एकच तोडगा काढला होता, मंतरलेला खिळा. चौकटीत ठोकला की इमारत हलत नाही आणि आतल्या पोरांचं पाठांतरही हलत नाही! जो वसतिगृहवाला खिळा घेणार नाही, त्याच्या इमारतीवर भूमातेचा कोप ठरलेला.

मागच्या खांबाला टेकून जेबा हे सगळं बघत होती. खरं सांगायचं तर तिची नजर परातीवर कमी आणि पहिल्या रांगेत कॅमेरा घेऊन बसलेल्या भीमाशंकरवर जास्त होती. दोघं एकाच दैनिकात शेजारी बसून बातम्या लिहायचे. वसतिगृहांच्या अरुंद जिन्यांवर जेबानं लिहिलेली बातमी तिथं आतल्या पानाच्या कोपऱ्यात गेली, तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि 'सरळ रेघ' नावाचं स्वतःचं चार पानी साप्ताहिक काढलं. बातमी तिची, छायाचित्र तिचं, पानं लावायची तिनंच आणि बसस्टँडवर वाटायचीही तिनंच. भीमाशंकर मात्र तिथंच राहिला. 'भूमातेचा कान लातुरात' ही त्याची बातमी पहिल्या पानावर झळकली आणि गावोगावच्या लोकांनी ती कापून भिंतींवर चिकटवली. जेबानं ती वाचली तेव्हा हातातला चहा तसाच गार झाला.

"या, संपादक मॅडम," तिला बघून तो हसला होता. "उशीर केलात. या परातीची बातमी आम्ही आधीच वाढली."

उशीर झाला होता, हे खरंच. दर्शनाला यायला तिला कधी जमतच नसे. भारनियमनानं वीज दिवसभर जायची. ती आली की जेबा धावत संगणकावर बसायची आणि नेमकी तेव्हाच महाराजांची आरती सुरू व्हायची. विजेची वेळ बदलली की दर्शनाची वेळही बदलायची. आपल्याला मुद्दाम चुकवतात की काय, असं तिला चिडून वाटायचं. त्या चिडचिडीतच एक दिवस तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

म्हणून आज ती काम टाकून आली होती. गर्दीतून वाट काढत तिनं पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला परातीपासून दोन हातांवर ठेवला. परातीत लाटा उठल्या. पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर! जमीन थरथरते आणि पेला थरथरत नाही? बातमी सापडली होती. तिचा अंक गुरुवारी निघणार होता, तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. गुरुवारी भीमाशंकरचं तोंड कसं होईल, हे ती मनात बघायलाही लागली.

तेवढ्यात पुढून एक म्हातारा आवाज आला. "महाराज, माझ्या नातीचं वसतिगृह तेवढं बघा."

निलंग्याकडच्या साखराबाई होत्या त्या. भूकंपानं त्यांचा मुलगा आणि सून नेली. ढिगाऱ्यातून निघालेली चिमुरडी पुनम त्यांनीच वाढवली. आता ती बारावीला होती, डॉक्टर होण्यासाठी क्लासला आलेली.

महाराजांनी वसतिगृहाचं नाव विचारलं आणि डोळे मिटले. त्या वसतिगृहवाल्यानं खिळा घेतला नव्हता. "बसणार! दिवाळीच्या आत ती इमारत बसणार!"

साखराबाईंनी शेजारी बसलेल्या नातीचा हात धरला. "ऊठ पुनम. ट्रंक आण. आताच्या बसनं गावाकडं जायचं."

"आजी, परवा परीक्षा हाय माझी!"

"जीव ऱ्हाईला तर परीक्षा. म्या एकडाव उकरून काढलं तुला. आता हातात बळ न्हाई."

पुनम रडू लागली. जेबानं भीमाशंकरकडं पाहिलं. आता बोललं तर उद्या सकाळी बातमी त्याची. गुरुवारपर्यंत थांबलं तर ही पोरगी गावी गेलेली असेल. एकदा गेली की तिला परत कोण पाठवणार? जेबा मागच्या पडवीत गेली आणि विजेचं मुख्य बटण खाली ओढलं.

पंखे थांबले. झांजा वाजतच होत्या, पण परातीतलं पाणी निपचित पडलं.

"भूमाता निद्रिस्त झाली!" महाराज घाईघाईनं म्हणाले.

"निजली न्हाई, मी बटण बंद केलंय," जेबा पडवीतून ओरडली. "पाण्याकडं बघा!" तिनं बटण वर केलं. पाणी थरथरलं. खाली केलं. पाणी थांबलं. "महाराज, भूमातेलाबी भारनियमन लागू हाय का?"

कुणीतरी फिसकन हसलं. दोन चेले तिच्या अंगावर धावले, पण तोवर बातमीचा वास लागलेल्या भीमाशंकरनं परात बाजूला सारून फरशी उचलली होती. खाली खड्डा आणि खड्ड्यात लग्नातल्या वाजंत्रीचा असतो तसला मोठा स्पीकर. महाराजांचा हात वर होताच चेले तो चालू करायचे आणि त्यातून अगदी खालच्या पट्टीतली घरघर निघायची. झांजांच्या गोंगाटात ती ऐकू येत नसे, पण वरची फरशी आणि परात मात्र थरथरायची. भीमाशंकरनं फटाफट छायाचित्रं घेतली. महाराज मागच्या दारानं निघालेले, पण लोकांनी त्यांना धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

साखराबाई खड्ड्याकडं बघत बसल्या होत्या. "मंग पोरी, भूकंप कधी येनार ते कुनाला इचारायचं?"

"कुणालाच न्हाई, आजी. दिवस अन् वेळ आधी कुणालाच सांगता येत न्हाई. शास्त्रज्ञांनाबी न्हाई."

"मंग निजायचं कसं?"

"खांब पक्के हायेत का, जिना मोकळा हाय का, ते बघायचं अन् निजायचं. चला, मी येते संगं."

तिघी पुनमच्या वसतिगृहावर गेल्या. ओळखीच्या इंजिनिअरला बोलावून इमारत दाखवली. खांब चांगले होते. जिन्यात रचलेल्या गाद्या मालकाला त्याच दिवशी काढायला लावल्या. पुनम राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी आली, भीमाशंकरच्या नावानं. 'एका जागरूक महिलेनं' बटण बंद केलं, एवढंच तिच्या वाट्याला आलं. बातमी चांगली लिहिली होती. तेच जेबाला जास्त झोंबलं.

मग वीज आली, तशी ती संगणकावर बसली. गुरुवारच्या अंकात महाराजांना तिनं चारच ओळी दिल्या. बाकी पानभर तिनं लिहिलं: तुमच्या मुलाच्या वसतिगृहात जा. खांबांना तडे आहेत का, बघा. जिन्यातून दोन माणसं शेजारून उतरू शकतात का, बघा. मालकाकडं नकाशा मागा, इंजिनिअरला प्रश्न विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याच्या खाली काय आहे तेही विचारा. भीती वाटते, यात लाज नाही. पण भीतीला उत्तर खिळ्यानं मिळत नाही, तपासून बघण्यानं मिळतं.