टॉर्च धरायचं काम

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, उदगीरला माझं स्वतःचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि अप्पांच्या लेखी माझी लायकी अजून टॉर्च धरण्याएवढीच आहे. अप्पा म्हणजे माझे वडील, गुरुपादप्पा. तीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं. त्यातच डाव्या हाताच्या एका बोटाची दोन पेरं गेली. कशी गेली असं विचारलं की म्हणायचे, "गेली, गेली." मला मात्र त्यांनी कधी पाना हातात दिला नाही. हत्यारांच्या पेटीला हात लावला म्हणून लहानपणी मारच खाल्लाय. "शिवा, लांब सर. टॉर्च धर."

गेल्या महिन्यात आमची गाडी चालू करताना किंचाळायला लागली. इंजिनाचा पट्टा तडकला होता. अप्पांचे हात आता थरथरतात, तेव्हा म्हटलं, या वेळी तरी आपला नंबर लागेल. मी स्वतः लातूरला जाऊन नवा पट्टा आणला. आणि नेमकी रविवारी देगलूरहून धाकटी बहीण अंबिका आली, सोबत जावईबापू रविकांतराव.

"मामा, मी बदलतो की! मोबाईलवर बघितलंय सगळं," जावईबापू म्हणाले.

अप्पांनी पेटी उघडून पाना त्यांच्या हातात ठेवला. अगदी सहज. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिवा, टॉर्च धर."

"जावयाला पाट द्यावा अप्पा, पाना न्हाई," मी म्हणालो.

"दादा, जळू नको," अंबिका हसली. पण मी जळतच होतो. आमच्या घरात येऊन त्यांना सातच वर्षं झालीत. कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय!

रविकांतरावांनी आधी पट्ट्याचा फोटो काढला, कुठल्या पुलीच्या वरून जातो, कुठल्या खालून ते कळावं म्हणून. मग ताण देणारी पुली पान्यानं मागे दाबून जुना पट्टा काढला. नवा चढवताना मी मुद्दाम दोनदा टॉर्च बाजूला सरकवला. कोत्या मनाचा म्हणा, चालेल. त्यांचं बोट चिमटलं. अप्पा फक्त "सावकास" म्हणाले.

अंबिकानं गाडी चालू केली. किंचाळणं बंद. रविकांतराव फिरत्या पट्ट्याजवळ बोट नेऊन म्हणाले, "बघा मामा, कसा सरळ फिरून राहिलाय!"

"शाब्बास! लई गुणाचा हात हाय," अप्पा म्हणाले.

हा शाब्बास मी जन्मात ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात मला दिसलं, खालच्या पुलीवर पट्टा एक खाच बाहेर बसलाय. मोबाईलवाल्यांची चूक! मी आनंदानं पुढे वाकलो आणि बोटानं दाखवायला गेलो. "अप्पा, हे बघा..."

पुढचं काही कळलं नाही. कॉलरला हिसका बसला, टॉर्च उडाला, मी अंगणात उताणा पडलो.

"बोट जाईल रे माझ्या लेका! बंद करा ती गाडी!" अप्पा ओरडले. ते माझ्याशेजारी मातीत बसले होते आणि तुटक्या बोटाच्या डाव्या हातानं माझी बोटं एकेक करून चाचपत होते.

गाडी बंद झाली. रविकांतराव फडक्याला हात पुसत उभे होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मामा," ते हळूच म्हणाले, "मघाशी माझा बी हात तिथंच होता की."

अप्पांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांची मोजणी करंगळीपर्यंत आली आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू झाली. मला जावईबापूंचं वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मी हात सोडवून घेतला नाही.