भरलेली टाकी

माझे सासरे रोज दुपारच्या चहानंतर माझ्या टेबलापाशी येऊन मिग उडवायचे, आणि रोज त्याच डोंगरावर त्यांचं इंधन संपायचं.

"सूनबाई, हे विमान आहे की लग्नातला फुकट्या पाहुणा? पितंय नुसतं!"

बिश्केकजवळ कांतला घरी बसून मी एका परदेशी कंपनीसाठी फ्लाइट सिम्युलेटर लिहिते. या लढाऊ विमानाच्या इंजिनाचं काम माझ्याकडे होतं. सासऱ्यांनी सोव्हिएत काळात हेच विमान खरोखर उडवलेलं, त्यामुळे इंधनाचा आकडा बरोबर आहे असं त्यांनी म्हटलं की काम पाठवायचं, असं ठरलं होतं. ते काही तसं म्हणेनात.

"खर्च थोडा कमी कर गं. आम्ही एवढ्यात घरी पोचायचो."

एक आकडा बदलला की म्हातारा खूश. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण कारखान्याच्या तक्त्यांशी माझं इंजिन तंतोतंत जुळत होतं. शिवाय तो डोंगर मला ठाऊक होता. तिथेच त्यांनी खरं विमान सोडून पॅराशूटने उडी मारली होती.

या विमानातला इंधनाचा काटा टाकीत डोकावत नाही. उड्डाणाआधी मेकॅनिक तो हाताने लावतो, पुढे काटा फक्त वजाबाकी करत जातो. त्या दिवशी मेकॅनिक कासिमालीने टाकी अर्धवट भरून काटा पूर्ण लावला, असं सासऱ्यांनी चौकशीत सांगितलं होतं. दोघं जिवलग मित्र. कासिमालीची नोकरी गेली, तो गावी जाऊन मेंढ्या राखू लागला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

परतताना आफ्टरबर्नर लावायची सासऱ्यांची जुनी खोड. त्याने विमान सुसाट पळतं आणि इंधन पाण्यासारखं जातं. मला हे दिसत होतं. पण आमच्याकडे सून सासऱ्याचं नावसुद्धा घेत नाही, चूक कुठली काढणार!

एक दिवस लाल दिवा लागला तसे ते चिडून म्हणाले, "तूही त्या कासिमालीसारखीच! टाकी न भरता काटा लावतेस."

माझं डोकं फिरलं. चहा ओतताना मी त्यांचा प्याला काठोकाठ भरला. आमच्यात चहा थोडा थोडा देतात. भरून दिला की समजायचं, उठा आता.

"हाकलतेस की काय?" ते हसले. मग हसू मावळलं. "टाकी किती भरली होतीस?"

"पूर्ण, बाबा."

"नक्की?"

"मीच भरली."

ते पुन्हा उडाले. या वेळी आफ्टरबर्नरला हात लावला नाही. डोंगर मागे गेला, धावपट्टी आली, इंधन उरलं.

"आकडा बरोबर आहे. त्याला हात लावू नकोस," ते म्हणाले. "आणि एर्मेकला गाडी काढायला सांग."

एर्मेक माझा नवरा. त्याने आम्हाला कासिमालीच्या गावी नेलं. कासिमालीने दार उघडलं, बसायला गादी दाखवली, पुढ्यात दस्तरखानाची चादर पसरून रोटी मांडली.

"टाकी भरलेली होती, कासिमाली," सासरे म्हणाले. "इंधन मी जाळलं. हिच्या यंत्रात दिसलं."

"यंत्रातली टाकी कोणी भरली?"

"हिने."

"भरताना तू बघितलीस?"

"नाही. ती म्हणाली."

"म्हणजे हिच्या शब्दावर भरवसा ठेवलास. मीसुद्धा तेवढंच म्हणालो होतो, शाइलो."

सासऱ्यांची मान खाली गेली. मला रडू आलं. कासिमालीने किटली उचलली आणि त्यांच्या प्याल्यात चहा ओतत राहिला, काठापर्यंत, दस्तरखानावर सांडेपर्यंत. सासरे काय समजायचं ते समजले. गुडघ्यावर हात टेकून उठू लागले.

"बस खाली," कासिमाली म्हणाला. "भरलेलं कसं दिसतं, ते दाखवलं."