कळ थांबवणारी सुई

भिमाजीला लोक डॉक्टर म्हणत. होता तो सरकारी दवाखान्यातला ढोरांना सुया टोचणारा, पण हाताला गुण होता आणि जीव हळवा. मरणाला टेकलेलं जनावर पाय झाडायला लागलं की ह्याला बघवायचं नाही. मग कळ थांबवणारी ती नवी सुई निघाली. भिमाजीनं ती जगणाऱ्या ढोरांना दिली आणि मरणाऱ्यांना तर न मागता दिली. बायको गोजराबाई सुया उकळून द्यायची, पुण्याचं काम आहे म्हणायची.

जनावर मेलं की गायरानात टाकायचं, गिधाडं उतरायची आणि दुपारपर्यंत नुसती हाडं उरायची. पुढं ती गिधाडं लिंबावर मान पाडून बसायला लागली. दिवसभर तशीच बसायची आणि धपकन खाली पडायची. लोक म्हणाले, म्हातारी झाली असतील. सगळीच एकदम म्हातारी कशी झाली, हे मात्र कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

गिधाडं संपली, ढोरं सडू लागली आणि त्यांच्यावर कुत्री पोसली. दहाची पन्नास झाली. शेजारची भागीबाई मेथीच्या जुड्या घेऊन नाशिकरोडच्या बाजाराला निघाली होती, तिला त्यातल्याच एका पिसाळलेल्या कुत्र्यानं फाडलं. महिन्याभरानं ती पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागली आणि तीन दिवसांत गेली.

दोन हजार सहा साली तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं, त्या सुईचं औषध मेलेल्या ढोराच्या मांसात राहतं, त्यानंच गिधाडं मेली. जनावरांसाठी ते आता बंद. भिमाजी बैठक अर्ध्यात सोडून घरी आला. त्या दिवसापासून त्याला चैन नाही. भरदुपारी डोक्यावर पंखांचा आवाज यायचा, वर बघावं तर आभाळ कोरं. तांब्या तोंडाला लावला की भागीबाई समोर उभी.

दोन वर्षांनी गायरानातल्या लिंबावर एक गिधाड येऊन बसलं. एकटंच, खंगलेलं. त्याच आठवड्यात भिमाजीची म्हातारी गाय पोवळी गोठ्यात बसली ती उठेना. सांधे सुजलेले, हंबरून हंबरून घसा बसलेला.

"अवं, द्या ना तिला सुई," गोजराबाई म्हणाली. "गावच्या ढोरांची कळ थांबवली, घरचीच गाय परकी झाली का?"

"नाय. तिचं मांस चांगलं राहू दे. ते पाखरू उपाशी हाय."

"पाखरासाठी हिचे हाल करायचे?"

"त्याचं सारं गोत मी मारलंय, गोजरा. ह्या एकाला तरी जगवू दे."

दोन दिवस पोवळी ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशी भिमाजीला ऐकवेना, तो सकाळीच गायरानात जाऊन बसला. सांजेला परतला तर गाय शांत पडलेली, दिवस बुडायच्या आत ती झोपेतच गेली. देवाला दया आली म्हणून त्यानं हात जोडले.

सकाळी तिला गायरानात ओढून नेलं. भिमाजी काठी घेऊन कुत्री हाकलत उभा राहिला. बऱ्याच वेळानं गिधाड उतरलं आणि पोटभर जेवलं. भिमाजी लहान पोरासारखा रडला. किती वर्षांनी त्या दिवशी त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तो गेला, तर गिधाड फांदीवर मान पाडून बसलेलं. भिमाजी मागं फिरला. तसाच घरी आला.

"पोवळीला काय दिलंस?"

गोजराबाईनं चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलं. "माणसांच्या औषधाच्या दुकानात ते अजून मिळतं, तिथनं पाच कुप्या आणल्या. माझ्यानं बघवंना. टोचायला तुम्हीच शिकवलं मला."

आयुष्यभर त्यानं तरी दुसरं काय केलं होतं? काठी उचलून तो पुन्हा गायरानात गेला. लिंबाखाली कुत्री जमली होती, वर बघत. ते पाखरू पडेल तेव्हा निदान कुत्र्यांच्या तोंडी जाऊ नये, म्हणून भिमाजी बुंध्याला टेकून बसून राहिला.