उमराव भाऊंचा पक्षप्रवेश

महापालिकेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. प्रताप नगरात राहणाऱ्या गिरिधर देवपुजारींनी आपल्या घरी पक्षाच्या कार्यकर्त्यांची बैठक बोलावली. चाळीस जणांना फोन केले, अंगणात खुर्च्या मांडल्या. साडेअकरापर्यंत आठ माणसं आली. त्यातला एक तर कार्यकर्ताही नव्हता. नळाला आठवडाभर पाणी नाही, हे सांगायला तो आला होता. “निवडणूक होऊन जाऊ द्या, मग पाहू,” असं म्हणून गिरिधरांनी त्याला फाटकापर्यंत सोडलं.

“बाकीचे कुठं गेले?” त्यांच्या पत्नी लतिकाबाईंनी विचारलं.

“त्या उमराव भाऊच्या सभेत. ना पक्ष ना पद, नुसती भाषणं ठोकतो. लोकांना तमाशा पाहिजे. पैसे घेऊन बिकले सगळे.”

“आपले शेजारीपण तिकडेच गेले आहेत. ते कशानं बिकले?”

गिरिधर रिकाम्या खुर्च्या गोळा करू लागले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते पक्षात आले, त्याला बारा वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांपासून ते प्रभागाचे अध्यक्ष होते. कधी कोणाचा चहा फुकट प्यायले नव्हते. वडीलही याच पक्षात होते. एके काळी पक्षाने दगड उभा केला तरी तो निवडून येतो, असं म्हणत. आता पक्षाला उभं राहायला माणूस मिळत नव्हता.

दुपारी मुंबईहून पक्षाच्या निरीक्षकांचा फोन आला.

“देवपुजारी, चांगली बातमी आहे. उमराव भाऊ आपल्याकडे येतोय. त्याच्याकडे गर्दी आहे, पण निवडणूक लढायला चिन्ह नाही. आपल्याकडे चिन्ह आहे, गर्दी नाही. गुरुवारी सभागृहात प्रवेश होईल. अध्यक्ष म्हणून प्रवेशपत्रावर तुमची सही लागेल.”

गिरिधरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “साहेब, दोन वर्षांपूर्वीचं ते भाजीच्या गाड्यांचं प्रकरण...”

“तेच मिटवायचं आहे. ती भाजीवाली म्हातारी आपल्याच पक्षाची आहे ना? तिला स्टेजवर आणा. तिने भाऊला ओवाळलं की विषय संपला. फोटो छान येईल.”

ते प्रकरण सगळ्या प्रभागाला माहीत होतं. नाल्यालगतच्या रस्त्यावर दर बुधवारी भाजीबाजार भरायचा. उमराव भाऊंनी एका सभेत सांगितलं होतं, “आपल्या मोहल्ल्यात घाण कोण करतं? हे गाडेवाले! हे कुठले, कोण, कोणाले माहीत आहे काय? आपल्या टॅक्सवर मजा मारून राहिले!” सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या बुधवारी वीस-पंचवीस पोरं आली आणि त्यांनी गाडे उलटवले. बायजाबाई रामटेके आपला गाडा धरून उभ्या राहिल्या. गाडा त्यांच्या मनगटावर पडला. बाजार महिनाभराने पुन्हा भरू लागला. बायजाबाईंचं हाडही जुळलं, पण वाकडं जुळलं.

पक्षाने तेव्हा पोलिसांना निवेदन दिलं होतं. मजकूर गिरिधरांनीच लिहिला होता. निवेदन देतानाचा फोटो पेपरात आला, आणि काम झालं असं सगळ्यांनी धरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधर नाला ओलांडून वस्तीत गेले. बायजाबाई दारासमोर पोतं अंथरून मेथीच्या जुड्या लावून बसल्या होत्या. आता गाडा लोटणं त्यांना जमत नव्हतं.

“जयभीम, बायजाबाई.”

“जयभीम.” त्यांनी वर पाहिलं नाही. “दोन वर्षानं रस्ता सापडला वाटते.”

“कामात होतो.”

“हाव. मोठी कामं असतेत तुमची.”

कोणी बसायला सांगितलं नाही. गिरिधरांनी उभ्या उभ्याच, बैठकीला आलेल्या सात जणांपासून ओवाळण्यापर्यंत, सगळं सांगितलं. बायजाबाईंनी हातातली जुडी बाजूला ठेवली.

“मंजे ज्याच्यापायी माहा हात मोडला, त्याले मीच ओवाळू?”

“त्याने स्वतः नाही मोडला. ती पोरं होती.”

“गाडेवाले तुमचे वैरी हायेत, हे पोराईले कोनं सांगतलं?”

गिरिधरांनी घसा साफ केला. “राजकारण असं रागानं चालत नाही, बायजाबाई. आपला पक्ष मरायला टेकला आहे. लोक ओरडणाऱ्याच्या मागे धावून राहिले. आधी जिंकू द्या. पक्षच राहिला नाही, तर तुमच्या बाजूनं बोलेल कोण?”

“माहा गाडा उलटवला तवा पक्ष होता नं? तवा कोन बोललं?”

“आम्ही निवेदन दिलं होतं.”

“देल्लं. फोटो काढला. मंग? सहा महिने पट्टी बांधून बसली मी. पक्षाची चाळीस वर्षांची मेंबर. तुमच्या घरून इथं याले किती वेळ लागते जी?”

“दहा मिनिटं,” गिरिधर म्हणाले, आणि म्हणताना त्यांना आपलाच आवाज नकोसा झाला.

“मी शिकली नाई. पन पाहून राह्यली,” बायजाबाई म्हणाल्या. “नळाले पानी नाई आलं, तं उमराव भाऊ वैरी दाखवते. पोराले नोकरी नाई भेटली, तं वैरी दाखवते. पानी काही येत नाई अन् नोकरीबी भेटत नाई. पन तो येते. वस्तीत येते, खाटेवर बसते, पोराईचं नाव घेऊन बोलते. तुमी कोनी येत नाई. तुमी घरी बसता अन् म्हनता, लोक बिकले. लोक नाई बिकले जी. तुमी जागा खाली ठेवली, तो येऊन बसला.”

“म्हणूनच तर त्याला आपल्यात घेऊन राहिलो. एकदा आला की आवरू त्याला.”

“तुमी सात जन आवरसान?”

गिरिधरांनी घड्याळ पाहिलं. ते वळले तेव्हा बायजाबाई मागून म्हणाल्या, “गुरुवारी येईन मी. ओवाळाले नाई. पाहाले.”

गुरुवारी सभागृह खच्चून भरलं. इतक्या वर्षांत पक्षाच्या कार्यक्रमाला गिरिधरांनी अशी गर्दी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती पाहून त्यांना बरंही वाटलं. निरीक्षक मंचावर हसत होते. चॅनलवाल्यांना घाई होती, म्हणून ठरलं की आधी उमराव भाऊंचं भाषण, मग सही आणि गळ्यात पक्षाचा दुपट्टा.

पुढच्या रांगेत पक्षाचे जुने लोक बसले होते. उमराव भाऊंची पोरं आली आणि एकेका खुर्चीच्या पाठीवर हात मारू लागली. “उठा काका, मागं जा. भाऊची माणसं बसतीन इथं.” जुने लोक उठले. बायजाबाई उठल्या नाहीत. एका पोराने त्यांची खुर्ची मागून उचलून तिरपी केली. त्या खाली उतरल्या, पदर सावरला आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. गिरिधर मंचावरून हे पाहत होते. उठावं असं वाटलं. उठले नाहीत.

उमराव भाऊंनी माइक हातात घेतला.

“लोक विचारून राहिले, भाऊ या म्हाताऱ्या पक्षात काहून गेला? ऐका! हा पक्ष झोपला होता, मी उठवायला आलो. आपलं काम तेच आहे. आधी मी एकटा होतो, आता एवढा मोठा पक्ष माझ्या पाठीशी आहे. तो बुधवारचा बाजार यापुढे भरणार नाही. एकही गाडा दिसणार नाही. हा माझा शब्द आहे, आणि आता हा पक्षाचाही शब्द आहे!”

सभागृह गरजलं. गिरिधरांची नजर आपल्या माणसांकडे गेली. बैठकीला आलेली ती सातही माणसं टाळ्या वाजवत होती. नत्थूजी, तीस वर्षं पक्षाची पत्रकं वाटणारे, ज्यांचा सख्खा मेहुणा इतवारीच्या बाजारपेठेत हातगाडी लावत होता, ते खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, “भाऊ आगे बढो!”

तेव्हा गिरिधरांना बायजाबाईंचा प्रश्न पुरता कळला. आवरणं दूरच राहिलं होतं. उमराव भाऊ पक्षात येत नव्हते, पक्षच उमराव भाऊंमध्ये चालला होता. उरणार होतं ते फक्त चिन्ह.

निरीक्षकांनी प्रवेशपत्र पुढे सरकवलं. कॅमेरे जवळ आले.

“देवपुजारी, सही.”

गिरिधरांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

“मी सही करत नाही.”

“काय?”

गिरिधरांनी समोरचा माइक ओढला. “मी या प्रभागाचा अध्यक्ष आहे. दोन वर्षांपूर्वी बायजाबाईंचा हात मोडला. मी एक कागद लिहिला नि घरी जाऊन जेवलो. दहा मिनिटांच्या अंतरावर राहून एकदाही त्यांना पाहायला गेलो नाही. उमराव भाऊंपेक्षा माझा गुन्हा लहान नाही. पण आज जो शब्द दिला, तो माझ्या पक्षाचा शब्द नाही. हात मोडणाऱ्याला दुपट्टा घालायचा असेल, तर तो माझ्या हातून होणार नाही. बायजाबाई, मला माफ करा.”

पुढचे शब्द कोणी ऐकले नाहीत. “खाली उतरव त्याले!” “बिकला साला!” अशा आरोळ्या उठल्या. पाण्याची बाटली त्यांच्या खांद्यावर आदळली. ‘बिकला’ हा शब्द इतकी वर्षं ते इतरांसाठी वापरत आले होते. निरीक्षक दात आवळून म्हणाले, “तुम्ही संपलात.” दोन पोरांनी दंडाला धरून त्यांना पायऱ्यांवरून खाली आणलं. नत्थूजींनी तोंड फिरवलं.

बायजाबाई दाराशी भेटल्या. त्यांचा चेहरा काही निवळला नव्हता.

“उशीर केला जी तुमी,” त्या म्हणाल्या. दार उघडून धरत म्हणाल्या, “पन केलं.”

सही निरीक्षकांनीच केली. संध्याकाळपर्यंत गिरिधरांना पदावरून काढल्याचं पत्र मोबाइलवर आलं. कॉलनीत लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले. उमराव भाऊ मोठ्या मतांनी निवडून आले, बुधवारचा बाजार बंद पडला, आणि पक्षाच्या वरिष्ठांनी पेढे वाटले. आठ महिन्यांनी उमराव भाऊ सत्तेतल्या आघाडीत गेले. जाताना प्रभागातला अख्खा पक्ष, नव्या अध्यक्षासकट, सोबत घेऊन गेले. फोटो तिथेही छान आले.

या आठ महिन्यांत गिरिधर रोज सकाळी नाला ओलांडत होते. खात्यात त्यांनी आयुष्यभर अर्ज हाताळले होते. आता ते वस्तीत बसून फेरीवाल्यांच्या परवान्याचे अर्ज भरून द्यायचे, आणि बायजाबाई एकेका गाडेवाल्याला हाताला धरून आणायच्या. पहिल्या महिन्यात लोकांनी त्यांना उभंही केलं नाही. “आता कोणतं इलेक्शन आहे, साहेब?” असं तोंडावर विचारलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. महापालिकेत चौदा खेटे झाल्यावर मागच्या गल्लीत बाजाराला जागा मिळाली. पहिल्या बुधवारी लतिकाबाई चार शेजारणींना घेऊन भाजी घ्यायला आल्या. कॉलनीतले सगळे आले असं नाही, बरेच जण अजूनही फणकाऱ्याने जातात.

नत्थूजी मात्र आले. त्यांच्या मेहुण्याचीही हातगाडी महापालिकेने उचलून नेली होती. मान खाली घालून म्हणाले, “बाई, मी तवा खुर्चीवर उभा राहून वरडलो होतो.”

“पाह्यलं मी,” बायजाबाई म्हणाल्या. “आता बस खाली, अन् अर्ज लिहू लाग.”

नागरिकहो, मोठ्या पक्षाचं आता काय होईल, असं आपण एकमेकांना विचारत असतो, जणू तो हवामानाचा अंदाज आहे. पक्ष मरतो तो निवडणुकीत नव्हे. दहा मिनिटांवरच्या माणसाच्या दारी जाणं तो सोडतो, तेव्हाच मरतो, आणि त्या रिकाम्या जागेवर कोणीतरी ओरडणारा येऊन बसतो. पण सगळा दोष पक्षावर टाकून आपणही सुटत नाही. मंचावरून कोणी आपल्याला वैरी दाखवू लागला, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारावं: बाबा रे, आमच्या नळाचं काय केलंस? उत्तर मिळेपर्यंत हात आवरावेत. कारण गाडे उलटवायला पोरं नंतर येतात. त्यांना बळ देणारी टाळी आपण आधीच वाजवलेली असते.