दोनशेपासून दोनशे सहासष्टपर्यंत

तुम्ही ज्या डब्याला कॉम्प्युटर म्हणता, त्याच्या पोटातून मी बोलतोय. मी प्रोसेसर. काडेपेटीहून लहान, पाठीवर पंखा आणि पायाखाली मदरबोर्ड. सगळं गणित मी करतो, पण समोरच्या पडद्याला लोक रोज पुसतात आणि मला कुणी पाहिलेलंही नसतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून वावरत, कारण धुळीचा एक कण पडला तरी आमच्यातला एखादा जन्माआधीच बाद होई. एवढ्या जपणुकीतून निघालो आणि २००७ च्या एप्रिलात थेट अकोल्यात येऊन पडलो. आठवडाभरात पंख्यावर धुळीचा थर बसला.

माझा पहिला मालक गजेंद्र. त्याचं नेट कॅफे होतं. मदरबोर्ड मला सेकंदाला वीस कोटी ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला मी नऊ पावलं टाकतो, ही माझी जन्मजात चाल. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये तो ठोका ‘दोनशे’ असा लिहिलेला असतो. तो वाढवता येतो, हे गजेंद्रने एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं आणि एका दमात तीनशे तेहतीस केला. वीजदाबही वरच्या टोकाला नेला. मी तापलो, तेव्हा त्याने वऱ्हाडातला प्रत्येक माणूस उन्हाळ्यात करतो तेच केलं. डब्याचं झाकण काढून पाण्याचा कूलर माझ्या तोंडावर लावला.

अकरा दिवस मजेत गेले. पण ती हवा ओली होती. बोर्डाच्या पायांवर हिरवा गंज चढला आणि एका दुपारी बोर्ड मेला. मी कसाबसा वाचलो. कॅफे बंद झालं तेव्हा गजेंद्रने मला सुटाच विकला. घडलेलं मात्र काही न लपवता सांगितलं. तेवढा तो सरळ होता.

मला विकत घेतलं अमरावतीच्या हलीमाबींनी. वय अठ्ठेचाळीस. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. नवरा वारल्यावर त्या एकट्याच लग्नाच्या कॅसेटांचं मिक्सिंग करत. शिकवलं कुणीच नव्हतं. जे कळे ते शाळेच्या वहीत तारखेसकट लिहायचं, एवढीच त्यांची शाळा. दुसऱ्या एका साध्या बोर्डावर त्यांनी मला बसवलं आणि वर्षभर मी निमूटपणे नवरदेवांच्या वराती रंगवल्या.

मग २००८ च्या मे महिन्यात दामिनी आली. तिवश्याजवळच्या एका गावातल्या अकरा बायकांचा गट ती चालवत होती. त्या बायका कापूस वेगळ्या तऱ्हेने वेचत. दव वाळल्यावर, डोकं सुती कापडात बांधून, कापडाच्याच झोळीत. खताच्या प्लास्टिक गोण्यांना हात लावायचा नाही, कारण त्यांचे धागे आणि डोक्याचे केस रुईत गेले की कापडावर डाग उठतात. नांदगाव पेठेतल्या एका गिरणीला असा कापूस हवा होता. येत्या हंगामाचा सगळा माल एकाच गटाकडून, वेगळ्या भावाने. दुसऱ्या एका गटाचे कामाच्या नोंदींचे कागद आधीच पोचले होते. दामिनीकडे कागद नव्हते, पण उसन्या कॅमेऱ्याने वेचणीभर केलेलं चित्रण होतं.

“खाला, पुढच्या शनिवारी धा वाजता गिरणीचे सायेब पाह्यनार हायेत. बावन मिंटाचा पिक्चर होते. करून देता का?”

“पिक्चर मी करून देईन वं. पन याले तयार कराले पाच घंटे धा मिंटं लागते,” हलीमाबी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “अन् लाइन राह्यते चार घंटे.”

कापून जोडलेल्या चित्रणाचा एक सलग चित्रपट घडवणं हे माझं काम, आणि ते एका दमात व्हावं लागे. ती भारनियमनाची वर्षं होती. शहरात सलग चार तासांच्या वर वीज मिळत नसे. मध्ये वीज गेली की माझं काम पुसलं जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिके. चित्रपटाचे दोन तुकडे करून जोडून पाहिले, तर सांध्यानंतर ओठ पुढे आणि आवाज मागे.

“मंग आमचं नाही होत म्हना,” दामिनी उठली.

“बस. मी नाही म्हनलं काय?”

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाच्या विजेला हलीमाबी माझ्यापाशी बसत. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरायचं. आधी त्यांनी मेमरीच्या वेगाचं माझ्या ठोक्याशी असलेलं प्रमाण खाली आणलं, म्हणजे माझ्यामागे फरपटत तिचा दम जाऊ नये. बाकीच्या कार्डांचा वेग होता तिथेच बांधून ठेवला. मग ठोका दोनशे दहा केला. फक्त दहाने. तासभर मला अवघड गणितं घातली, तापमान पाहिलं, वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोनशे वीस. वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने एकच ओळ होती: सत्तर अंशांच्या वर नाही.

दोनशे ऐंशीला मी अडखळलो. पडदा काळा झाला तो उजळेचना. हलीमाबींनी वायर काढली, बोर्डावरचा चपटा सेल काढून थोडा वेळ थांबल्या, परत बसवला. बोर्ड सगळं विसरून दोनशेवर आला आणि मी डोळे उघडले. वहीत नोंद झाली: इथे हद्द. त्या मागे फिरल्या आणि दोनशे सहासष्टवर थांबल्या. सेकंदाला एकशे ऐंशी कोटी पावलं टाकणारा मी आता दोनशे चाळीस कोटी टाकत होतो. हिशेबाने पाच तास दहा मिनिटांचं काम तीन तास बावन्न मिनिटांवर आलं. तापमान एकसष्ट.

आणि बुधवारी पेपरात भारनियमनाचं नवं वेळापत्रक आलं. सकाळची वीज गेली. आता सलग चार तास फक्त दुपारी बारा ते चार.

गुरुवारी भर बाराला खोली बेचाळीस अंशांवर होती. अर्ध्या तासात मी चौऱ्याहत्तर गाठले. हलीमाबींनी काम थांबवलं. शेजारी कूलर दुरुस्त करणारे त्यांचे दीर अब्दुल रहीम डोकावले.

“भाभी, याच्या तोंडावर एक कूलर लावून देऊ का? मानूस थंडा होते, तं मशीन नाही होनार?”

“तुमी लावसान अन् हे न्हाऊन निघन. अकोल्यात एक बोर्ड असाच मेला.”

“मंग हारले म्हना!”

“हारनाऱ्याले चहा नाही भेटत इथं. बसा चूप.”

त्यांनी वही उघडली. आठ दिवसांच्या नोंदी बोटाने वाचत गेल्या आणि एका रकान्यावर बोट थांबलं. ठोका वाढला तसा वीजदाबही वाढला होता, पण तो त्यांनी वाढवलेला नव्हता. ते सेटिंग ‘ऑटो’वर होतं. बोर्ड घाबरून मला गरजेपेक्षा जास्त पाजत होता आणि ते जास्तीचं सगळं उष्णता होत होतं.

ऑटो काढून त्यांनी आकडा स्वतः भरला. १.३५ व्होल्टवरून १.३२. तपासलं. १.२९. तपासलं. १.२० ला माझ्या गणितात चूक आली, म्हणून परत १.२३ आणि चार वाजेपर्यंत पुन्हा कसून परीक्षा. डब्याची बाजू उघडून समोर कोरड्या हवेचा टेबलफॅन. भर उन्हात सहासष्ट अंश.

“हे पाहा,” त्या रहीमभाईंना म्हणाल्या, “कमी खाऊन जास्त काम. आमच्यासारखंच झालं हे.”

शुक्रवारी बारा वाजून दोन मिनिटांनी वीज आली. तीन मिनिटांत मी धावत होतो. काय सांगू तो आनंद! डोक्याला फडकं बांधलेल्या अकरा बायका एका ओळीत माझ्यातून चालत गेल्या, बोंडं फुटली, झोळ्या भरल्या. दामिनी खुर्चीच्या कडेवर बसून होती. साडेतीनला रहीमभाईही दुकान सोडून येऊन उभे राहिले. तीन सत्तावन्नला पडद्यावर शंभर टक्के उमटलं आणि चार वाजता पंखे थांबले. उकडत्या खोलीत तिघं एकदम ओरडली. रात्री तासभर वीज आली तेव्हा सीडीही निघाली.

शनिवारी दुपारी दामिनी पायऱ्या दोन-दोन चढत आली.

“खाला! सायबानं एकच इचारलं, एवढ्या बायांचे डोके बांधाले कोनं शिकवलं म्हने. आमच्या गटातल्या पार्बताबाई उठल्या अन् म्हनल्या, तुमचं कापड आमीच नेसतो नं बाप्पा, डाग आमालेच दिसते! मंग सायेब हासले अन् सही केली.”

पुढच्या हंगामात त्या अकराच्या सव्वीस झाल्या. त्यांचा दुसरा चित्रपटही मीच तयार केला.

आज माझ्याहून कितीतरी जलद भाऊबंद बाजारात आहेत. मी मात्र अजून त्याच टेबलावर आहे, अजून दोनशे सहासष्टवर. वाचकहो, तुमच्या घरातल्या माझ्या भावाला पळवावंसं वाटलं तर जरूर पळवा, आम्हाला पळायला आवडतं. दहा-दहाने चढा, आणि ‘ऑटो’वर भरवसा टाकून झोपू नका. येतो मी. बाहेर हलीमाबी कुणाला तरी सांगतायत, “चार घंट्यांत देतो, लिहून घ्या.” मला कामाला लागलं पाहिजे.