जादा निघालेली पट्टी

कुमासी शहरातल्या यावच्या अंगणात सकाळपासून इतकी माणसं लोटली होती, की त्याला स्वतःच्या टॅक्सीपर्यंत पोचायला "सरका, गाडी माझी आहे" असं सांगावं लागलं. कुणी सरकलं नाही. सगळ्यांचे डोळे प्रेषित जेरेमायावर होते. अंगात पांढरा झगा, हातात लोखंडी काठी, काठीला गुंडाळलेला जांभळा रुमाल. दोनदा काठी आभाळाकडे नेऊन प्रार्थना झाली होती, इंजिन ढिम्म.

"हे इंजिन परदेशातून आलंय!" प्रेषित गरजला. "याचा जुना मालक अपघातात मेला. तो आत बसलाय! त्याला आपली भाषा कळत नाही, पण माझ्या काठीची कळते!"

"आमेन!" गर्दी म्हणाली.

या वेळी त्याने काठीचं टोक इंजिनावर टेकवलं, मधला भाग गाडीच्या पत्र्यावर दाबला. "याव, किल्ली फिरव!"

तीन दिवस हूं की चूं न केलेलं इंजिन ठिणग्या उडवत धडधडू लागलं. बायका नाचू लागल्या. प्रेषिताने काठी उचलली, आणि इंजिन गचकून बंद पडलं.

"बघितलंत? या घरातच कुणीतरी त्याला धरून ठेवलंय." काठी सावकाश फिरली आणि आंब्याखाली शेगडीवर केळी भाजणाऱ्या अफिया मावशीवर थांबली. "ही चेटकीण घरात असेपर्यंत गाडी चालायची नाही. दिवस मावळायच्या आत हिला बाहेर काढ."

याव चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याला मावशीनेच वाढवलं. त्याने ताडकन बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. वीस वर्षं टॅक्सी चालवली म्हणजे टॅक्सी कळते, असा त्याचा समज. रोज जेवतो म्हणून आपण आचारी, तसलाच. फिटरकडे जाणं त्याला कमीपणाचं वाटलं. आंब्याच्या फांदीला साखळी बांधून, चार शेजाऱ्यांवर ओरडत, त्याने हे परदेशातून आलेलं वापरलेलं इंजिन टॅक्सीत घरीच बसवलं. शेवटी एक वस्तू उरली: तारांची विणलेली चपटी पट्टी, दोन्ही टोकांना कड्या.

"अरे, हे राहिलं की," मावशी तेव्हाच म्हणाली होती.

"मावशी, कारखानेवाले एखादी वस्तू जादाच घालतात. तुझ्या खुराड्याच्या दाराला बांध."

तिने बांधली. आणि आता, आपण चुकलो यापेक्षा मावशी चेटकीण निघाली हे त्याला सोपं वाटत होतं.

"मावशी," तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "चार दिवस गावी जाऊन येतेस का?"

"जाते की. आधी केळं उलटू दे, करपतंय." तिने चिमट्याने केळं उलटलं. "पण याव, मी इथं बसून सगळं बघितलंय. काठी वर होती तेव्हा इंजिन मेलेलं. दोन्हीकडे टेकली तेव्हा जिवंत. उचलली की परत मेलं. मग ऐकलं कुणी, देवानं की लोखंडानं?"

"चेटकीण बोलतेय! तिला इंजिनाला हात लावू देऊ नका!" प्रेषित ओरडला.

"मी लावतच नाही," मावशी म्हणाली. आपण इंजिन चालवलं तर तोच आपण चेटकीण असल्याचा पुरावा ठरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "अडोमा बाई, तुम्ही शाळेत शिकवता. माझा चिमटा घ्या. या प्रेषितांसारखाच कापडाने धरा, तापेल. आणि प्रार्थना नको हं, पाढा म्हणा."

बाईंनी चिमटा दोन्हीकडे टेकवला. "बे एके बे, बे दुणे चार... फिरव रे!"

इंजिन सुरू झालं.

"आता मी!" कुणी पहार आणली, कुणी हातोडा, कुणी कालवणाचा डाव. बघता बघता अंगणात प्रेषितच प्रेषित झाले.

"बॅटरीतली वीज इंजिनातून पत्र्यावाटे बॅटरीत परत जायला वाट लागते," बाई म्हणाल्या. "इंजिन रबरावर बसलेलं, वाट तुटली. ती जोडायला एक पट्टी असते. कुठाय ती, याव?"

यावची नजर खुराड्याकडे वळली. आतली कोंबडी त्याच्याकडे बघत होती.

तेवढ्यात मागून एक म्हातारा ड्रायव्हर ओरडला, "अरे, हा प्रेषित नव्हे, बॅटरीवाला! माझ्या गाडीचं वायरिंग यानंच केलेलं! आल्या आल्या खुराड्यापाशी जाऊन ती पट्टी निरखत होता, मी बघितलं ना!"

प्रेषित झगा सावरत असा पळाला, की काठी तिथंच राहिली.

यावने खुराड्याची पट्टी सोडली, इंजिन आणि पत्र्याला जोडून दोन बोल्ट आवळले. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. मग तो मावशीसमोर उभा राहिला.

"मी विसरलो होतो."

"ऐकू नाही आलं."

"मी विसरलो होतो!" ते तीन शब्द उचलायला त्याला इंजिनापेक्षा जड गेले, आणि इथं साखळीही नव्हती. "तू विचारलंस, मी ऐकलं नाही. आणि वर तुलाच घालवायला निघालो."

"केळं खा," मावशी म्हणाली. "आणि माझ्या खुराड्याला आता काहीतरी लाव."

त्याने प्रेषिताची काठी दाराला अडसर म्हणून लावली. ती आजही तिथंच आहे. कोंबड्या राखते, चांगलं काम करते.

तेव्हा बाबांनो, गाडी अडली, ताप उतरेना, पीक बुडालं, की आधी आपल्या हातून काय राहिलं ते शोधा. उरलेल्या पट्ट्या मोजा, घरातल्या म्हाताऱ्या नव्हे. आणि कुणी काठी टेकवून चमत्कार दाखवला, तर एवढंच म्हणा: जरा बाजूला व्हा, आता आम्ही चिमटा लावून बघतो.